संसाराची खरेदी : टोपीपासून सतेल्यापर्यंत

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भांडीकोठीच्या कार्यवाह भगिनींनी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आजच्या भाषणासाठी ‘सणासुदीची खरेदी’ हा विषय माझ्याकडे सोपविला, याचे कारण माझी विद्वत्ता नसून माझ्या कमरेला असलेला किल्ल्यांचा जुडगा होय, हे मी जाणून आहे. आपल्या भांडीकोठीचे काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे. ज्यांच्या घरी कार्य असते ती मंडळी कोठीत येतात, भांडी मोजून नेतात, मोजून परत करतात, आणि जाता जाता, “ताई, मुलीला भांडी कोणती घ्यावीत? गादी कापसाची बरी की फोमची? नातवाला लोकरीचे टोपरे चालेल ना?” असे प्रश्नही विचारतात. अशा प्रश्नांची उत्तरे देता देता जे थोडेबहुत ज्ञान गोळा झाले तेच आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे. दुसरेही एक कारण आहे. येत्या सर्वसाधारण सभेपुढे कोठीतील तांब्यापितळेची भांडी मोडीत विकून टाकावीत, असा ठराव येणार आहे. त्यावर मत देण्यापूर्वी वस्तू विकत घेणे म्हणजे काय, ती बाळगणे म्हणजे काय, याचा थोडा विचार आपण सर्वांनी मिळून करावा, अशी माझी इच्छा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दुकानदाराच्या हाती आपण जे पैसे ठेवतो ती वस्तूची पूर्ण किंमत नव्हे. तिला जपण्याचा, धुण्याचा, दुरुस्त करण्याचा, ठेवण्याच्या जागेचा खर्च पुढे वर्षानुवर्षे चालू राहतो. आणि ती दुरुस्त करणारा माणूस गावात उरला नसेल, तर कितीही उत्तम वस्तू असली तरी ती माळ्यावर जाते. म्हणून वस्तू हातात घेतली की भाव विचारण्याआधी, ही बिघडली तर नीट कोण करील, हे विचारावे.

डोक्यापासूनच आरंभ करू. आपल्या पणजोबांच्या काळी बोडक्या डोक्याने घराबाहेर पडणे अशिष्ट समजले जाई. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत पगडीवरून माणसाची ज्ञाती ओळखता येत असे. पाठारे प्रभूंची पगडी निराळी, भाटियांची निराळी, पारशांची निराळी, पुणेरी तर त्याहून निराळी. पगडी बांधणे हा पगडबंदांचा स्वतंत्र धंदा होता. डोक्याच्या मापाने ती बांधून घ्यावयाची आणि ढिली झाली, मळली की त्याच्याकडेच पुन्हा न्यावयाची. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांची छायाचित्रे आपण पाहतोच. पुणेरी पगडीची २००९ साली भौगोलिक निर्देशांकाच्या यादीत नोंद झाली. नावाला संरक्षण मिळाले ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आज ती सत्कारसमारंभात घटकाभर डोक्यावर चढते आणि छायाचित्र निघाले की उतरते. पगडी गेली म्हणून पगडबंद गेला, की पगडबंद गेला म्हणून पगडी गेली, याचा निर्णय करणे कठीण आहे. दोघेही एकमेकांच्या आधाराने जगत होते, एवढे मात्र खरे.

पगडीबरोबर ज्ञातीची ती खूणही डोक्यावरून उतरली, याचे मला यत्किंचितही दुःख नाही, हे ज्ञातिसंस्थेच्या या व्यासपीठावरून मी मुद्दाम सांगते. १९२० च्या सुमारास असहकाराच्या चळवळीबरोबर खादीची पांढरी टोपी घरोघर गेली. तिने वकिलाचे आणि शेतकऱ्याचे डोके सारखे केले. शिवाय ती स्वस्त, घरी धुता येणारी, घडी करून खिशात ठेवता येणारी. तिच्या दुरुस्तीला सुई आणि दोरा पुरे. इतकी सोयीची शिरोभूषा आपल्या प्रांतात दुसरी झाली नसेल.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उन्हासाठी म्हणून पाहिले तर ती टोपी अपुरीच, कारण तिला काठ नाही. कान, मान आणि डोळे उघडेच राहतात. उन्हाळ्यात मुलांना टोपी घ्यावयाची ती चारी बाजूंनी काठ असलेली, फिक्या रंगाची, सुती आणि सैल विणीची घ्यावी. पुढे चोच असलेली टोपी कपाळ झाकते, मान भाजत ठेवते. नागपूरकडील मंडळी उन्हात डोक्याकानांभोवती दुपट्टा बांधतात, तो मला कोणत्याही विकतच्या टोपीपेक्षा शहाणपणाचा वाटतो. साहेबलोकांची सोला हॅट पुष्कळांना ‘सोलर’ म्हणजे सूर्याशी संबंधित वाटते, पण ते नाव शोला नावाच्या पाणवनस्पतीवरून आले. तिच्या भेंडाची ती हॅट बनत असे. आपली बाशिंगे ज्या हलक्या भेंडाची होतात तोच हा प्रकार. म्हणजे साहेब उन्हात बाशिंग बांधूनच हिंडत होता म्हणावयाचे!

थंडीचे तसे नाही. दिवाळी आटोपली की पुण्यामुंबईच्या पदपथांवर तिबेटी विक्रेते लोकरी कपडे मांडून बसतात, इतर दुकानेही कानटोप्यांनी भरतात. ‘वुलन’ ही चिठ्ठी पाहून लोकर समजू नये. बहुतेक माल अॅक्रिलिकच्या धाग्याचा असतो. ओळखण्याची रीत सोपी आहे. टोपीच्या आतील बाजूचा सुटलेला एखादा धागा घेऊन तो घरी, चिमट्यात धरून, जाळून पाहावा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि बोटांनी चुरडता येईल अशी राख पडते. कृत्रिम धागा वितळतो आणि त्याची कडक गुठळी होते. अॅक्रिलिक वाईटच असे मी म्हणत नाही. ते घरी धुता येते, त्याला कसर लागत नाही, आणि टोचत नाही. केवळ लोकरीचा भाव देऊन ते घेऊ नये. नातवंडांविषयी विचाराल तर, बाहेर नेताना टोपरे अवश्य घाला. पण जन्मानंतरचे पहिले काही दिवस सोडले तर घरात निजलेल्या तान्ह्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये, कारण मूल डोक्यावाटे बरीचशी उष्णता बाहेर टाकते, असे हल्लीचे बालरोगतज्ज्ञ सांगतात. आजीबाईंना हे पटत नाही, हे मला ठाऊक आहे. त्यांनी कुंची सुती घालावी, एवढी तडजोड मी सुचविते.

खरेदीच्या वेळेविषयीही दोन शब्द. कानटोपी, शाल, रजई ही माघात घ्यावी, मार्गशीर्षात नव्हे. थंडी सरताना दुकानदाराला माल बांधून ठेवण्यापेक्षा विकणे परवडते. पडदे-चादरींची खरी सूट आषाढात असते, कारण तेव्हा गिऱ्हाईक नसते. छत्री मात्र पावसाळ्याच्या तोंडावर घेण्यावाचून गत्यंतर नाही असे पुष्कळजण समजतात, आणि गतवर्षीची मोडलेली टाकून देतात. अहो, मृगाच्या सुमारास रस्त्याच्या कडेला छत्री दुरुस्त करणारे अजून बसतात! एक काडी किंवा एक टाका यासाठी अखंड छत्री फेकणाऱ्याला काय म्हणावे? छत्री घेताना काड्या सुट्या बदलता येतील अशी, सरळ दांड्याची घ्यावी. तीन घड्यांची छत्री पिशवीत मावते हे खरे, पण तिचा सांधा निखळला की दुरुस्त करणाराही हात जोडतो.

डोक्यावरच्या खरेदीत हल्ली सर्वांत मोठा खर्च कोणता म्हणाल तर लग्नातील फेट्यांचा. पन्नास-साठ वऱ्हाडी एका रंगाच्या फेट्यांत शोभून दिसतात याविषयी वाद नाही. परंतु त्यांपैकी बरेच फेटे आता शिवलेले, टोपीसारखे डोक्यावर ठेवावयाचे असतात. घाम लागला की डाग पडतो, तो धुता येत नाही, आणि उकलून कापडाचा दुसरा उपयोग करता येत नाही. संध्याकाळी ते खुर्च्यांखाली पडलेले मी कित्येक कार्यालयांत पाहिले आहेत. टोपी घालणे याचा आपल्या भाषेत दुसरा अर्थ काय होतो तो आपणांस ठाऊक आहेच. याविषयी माझी एक सूचना आहे, ती शेवटी मांडीन.

आता बैठकीच्या खोलीत येऊ. लोड, तक्के, जाजम, सतरंजी ही आपली जुनी बैठक होती. ती गुंडाळून ठेवता येई, आणि तीच खोली रात्री निजण्याची होई. आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सोफा येऊन बसतो तो पुन्हा उठत नाही. सोफा घेऊ नका असे माझे सांगणे नाही, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना उंच आसन लागते. पण ज्या घरात रात्री चार माणसे जमिनीवर निजतात, तेथे जागेचा हिशेब किमतीच्या आधी करावा.

गादीविषयी सर्वाधिक विचारणा होते. कापसाची गादी वर्षा-दोन वर्षांत दबते हा तिचा दोष खरा. पण ती उकलून, कापूस पिंजून, नवीन खोळीत भरली की पुन्हा नवी होते. हा गुण फोममध्ये नाही. तो बसला की बसला. फोम घेणारच असाल तर जाडी पाहून फसू नका, घनता विचारा. एका घनमीटरला किती किलो, या मापाने ती सांगतात. अठ्ठावीसपेक्षा बत्तीस बरा आणि चाळीस अधिक टिकाऊ. चार इंचांचा चांगला फोम सहा इंचांच्या भुसभुशीत फोमाहून अधिक दिवस टिकतो. उशीला मात्र सावरीच्या कापसासारखे हलके दुसरे काही नाही. वर्षातून दोनदा तिला कडक ऊन दाखवावे, आणि पाण्यात कधी बुडवू नये. पूर्वी पिंजाऱ्याच्या धनुकलीचा आवाज गल्लीत ऐकू आला की बायका गाद्या खाली टाकीत. आता पुष्कळ ठिकाणी यंत्रावर पिंजून देतात. आपल्या वस्तीत तसे दुकान कोठे आहे हे आधी पाहावे, मगच कापसाची गादी भरावी. दुकान नसेल तर माझाही आग्रह नाही.

चादरींच्या बाबतीत मापाचा घोटाळा फार होतो. १९५६ च्या कायद्याने वार गेला, मीटर आला. पण पलंगाचा व्यवहार अजून इंचांतच चालतो. दुहेरी पलंगाची गादी बहात्तर इंच रुंद आणि आठ इंच जाड असेल, तर दोन्ही बाजू मिळून सोळा इंच आणि खाली खोचण्यासाठी आणखी आठ-दहा इंच लागतात. म्हणजे बेरीज शहाण्णवाच्या पुढे गेली. मग ‘डबल’ म्हणून नव्वद इंची चादर घेतली तर ती रात्रीतून सुटणारच, त्यात चादरीचा दोष नाही. जाड गादीला एकशे आठ इंची पन्हा मागावा. पांघरण्यासाठी सोलापुरी चादरीची बरोबरी करणारे काही मी अद्याप पाहिले नाही. भौगोलिक निर्देशांकाचा कायदा २००३ मध्ये अमलात आल्यानंतर देशात ज्या अगदी पहिल्या काही नोंदी झाल्या त्यांत ही चादर होती, याचा आपणां महाराष्ट्रीयांस अभिमान वाटावा. तिच्या दोन्ही बाजूंस विणलेली नक्षी असते. छापील नक्षी एकाच बाजूस ठळक असते आणि धुण्यात उतरते. पडद्याच्या कापडाचे म्हणाल तर, गजाच्या रुंदीच्या दुप्पट कापड घेतल्यावाचून चुण्या पडत नाहीत, आणि सुती कापड शिवण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढावे लागते. एवढे सांभाळले की पुढचे शिंपी पाहून घेतो.

असो. आता माझ्या खास विषयाकडे, म्हणजे भांड्यांकडे वळते.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तेथे तांबटांचे हातोडे चालू आहेत. आता घरे थोडी उरली, तरी तो आवाज अजून पूर्ण थांबलेला नाही. मुंबईकरांना पायधुणीजवळचा तांबाकाटा ठाऊक असेलच. तांब्याच्या भांड्यावर ठोके ठोके दिसतात त्याला मठारणे म्हणतात. पुष्कळांना ती केवळ शोभा वाटते. वस्तुतः ठोक्यांनी धातू घट्ट होतो, आणि पातळ पत्र्यालाही कणखरपणा येतो. बंब, घंगाळ, हंडा ही भांडी पिढ्यान् पिढ्या टिकली त्याचे रहस्य त्या ठोक्यांत आहे. काशाची गोष्ट निराळी. ते तांबे आणि कथील यांचे मिश्रण, साधारणतः अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील. म्हणून काशाची वाटी छान वाजते आणि पडली तर तडकते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. दुकानात पिवळे दिसले म्हणजे सारे एकच, असे समजू नये.

तांब्यापितळेच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या आया-आज्यांना सांगावे लागत नसे. त्यावर उपाय कल्हई. भांडे घासून तापवावयाचे, नवसागराची पूड टाकावयाची, धुराचा लोट उठला की कथिलाची कांडी टेकवावयाची आणि कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवावयाची. क्षणात भांडे चांदीसारखे होते. लहानपणी ते पाहण्यासाठी आपण सारे कल्हईवाल्याभोवती कोंडाळे करून उभे राहत असू. यात जाणून घेण्याच्या गोष्टी दोन. कथील २३२ अंशांवर वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे विस्तवावर ठेवू नये आणि त्यात काही परतण्याच्या भानगडीत पडू नये. ते शिजविण्याचे भांडे आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. स्वस्ताईसाठी कथिलात शिसे मिसळले जाते, आणि शिसे हे विष आहे, विशेषतः मुलांना. तेव्हा कल्हई दारात, डोळ्यांदेखत करून घ्यावी, आणि शक्य तर शुद्ध कथील आपण विकत आणून द्यावे. कोठीच्या भांड्यांची कल्हई मी अशीच करविते.

स्टेनलेस स्टीलविषयी आपल्या भगिनींना विलक्षण प्रेम आहे, आणि ते अस्थानी नाही. १९१३ साली इंग्लंडात शेफील्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद तयार केले. त्याने बायकांचे किती श्रम वाचविले! चिंच आणि राख घेऊन पितळ घासणाऱ्या हातांनाच त्याची किंमत कळेल. त्याला कल्हई नको, ते कळकत नाही. पण बाजारात सारे स्टील सारखे नसते. चांगल्या स्वयंपाकाच्या स्टीलमध्ये शंभरात अठरा भाग क्रोमियम आणि आठ भाग निकेल असते. त्यास व्यापारी ३०४ म्हणतात. निकेल महाग, म्हणून काही मालात ते कमी करून मँगनीज घालतात. तो माल दिसावयास तितकाच चकचकीत, पण मिठाआंबटाला कमी टिकतो आणि त्यावर तांबूस ठिपके पडतात. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे उत्तम, असे दुकानदार मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. तो पुरावा नव्हे. मँगनीजचे स्टीलही सहसा चुंबकाला चिकटत नाही. उलट इंडक्शनच्या शेगडीला चुंबक चिकटणारेच बूड लागते. तेव्हा पावतीवर स्टीलचा प्रकार लिहून मागावा. जो लिहून देण्यास कुरकुर करील त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

स्टीलच्या पातेल्यात खीर तळाला का लागते, हेही पुष्कळजणी विचारतात. उत्तर धातूत आहे. तांब्यातून उष्णता जितक्या झपाट्याने पसरते, त्याच्या सुमारे पंचविसाव्या हिश्शाने ती या स्टीलमधून पसरते. ज्वाला लागते तेवढीच जागा तापते आणि तेथेच खीर करपते. म्हणून जाड बुडाचे, किंवा बुडात तांबे अथवा अॅल्युमिनियमचा थर असलेले पातेले घ्यावे. प्रेशर कुकरवर आय.एस.आय. खूण आता सक्तीची आहे. ती नसलेला कुकर कोणी आहेर म्हणून दिला तरी वापरू नये.

आहेराचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलते. रुखवतात मांडण्यासाठी पातळ पत्र्याचे सोळा डबे देण्यापेक्षा दोन जाड बुडाची पातेली आणि एक चांगली कढई द्यावी. मांडणी फिकी दिसेल, दिसू द्या. दुकानात भांड्यावर नाव घालून देतात, ते अवश्य घालावे. कोठीत परत आलेल्या भांड्यांत दुसऱ्याची वाटी मिसळली की नावानेच तिचे घर सापडते. त्या पातळ डब्यांचे पुढे काय होते हे मी सांगावयास नको. तीन-चार वर्षांनी ते पोचतात आणि मोडीच्या वजनात जातात. बोहारणीला आपण नेहमी नावे ठेवतो, की दोन जरीच्या साड्या घेऊन पातळसे पातेले दिले. पण ती तुमची जुनी साडी धुऊन, रफू करून पुन्हा कोणाच्या तरी अंगावर घालते. तिच्या धंद्यात वस्तू फुकट जात नाही. आपल्या रुखवताविषयी तसे म्हणता येईल काय?

एकत्र खरेदी हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. १९४८ साली नायगावात कामगारांनी सहकारी तत्त्वावर सुरू केलेले दुकान पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मोठे झाले. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून महिन्याचा माल एकत्र घेण्याची आणि आपसांत वाटण्याची पद्धत रुजविली. त्यांच्याही आधी आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी भांडीकोठ्या काढल्या, त्याच्या मुळाशी हाच विचार होता. दोनशे पानांचे जेवण घालण्याइतकी सतेली, पराती, ओगराळी कोणत्या एका कुटुंबाने घ्यावीत आणि वर्षातील तीनशे साठ दिवस कोठे ठेवावीत? म्हणून सर्वांनी मिळून घेतली आणि पाळीपाळीने वापरली.

आता ठरावाविषयी. ठराव मांडणाऱ्या तरुण बंधूंचा मला मुळीच राग नाही. त्यांची कारणे खरी आहेत. हल्ली कार्य म्हटले की आचारी आपली भांडी घेऊन येतो. मोठे सतेले उचलावयास चार माणसे लागतात, आणि चार माणसे एका घरात सापडत नाहीत. कोठीच्या नोंदवहीत पूर्वी लग्नसराईत एका तिथीला दोन-दोन कुटुंबांची मागणी असे. आता वर्षातून मोजकी नावे दिसतात. कल्हईवाला वर्षातून एकदा, तोही पुष्कळ आर्जवे केल्यावर येतो. खोलीची जागा संस्थेला वाचनालयासाठी हवी आहे. मी मघाशी जी कसोटी सांगितली तीच लावावयाची, तर काही भांडी जावीत हे मला मान्य करावे लागेल. ज्यांची बुडे गळतात, ज्यांना डाग देणारा कारागीर आता मिळत नाही, ती ठेवून उपयोग नाही.

परंतु सरसकट सर्व विकण्यास माझा विरोध आहे. मोड घेणारा तांब्याचा भाव देईल. मठारण्याचा, घडणावळीचा एक पैसाही देणार नाही, आणि वर घट म्हणून काही वजन कापील. तीच भांडी पुन्हा घडवून घेऊ म्हटले तर ती रक्कम पुरणार नाही. शिवाय एक गोष्ट नोंदवहीतच दिसते. जी मोजकी नावे आहेत ती कोणाची? ज्यांना आचाऱ्याचा दर पानामागे परवडत नाही, जे बारसे, मुंज, वर्षश्राद्ध घरच्या माणसांच्या हातांनी करतात, त्यांची. आपल्या ज्ञातीत अशी कुटुंबे आहेत, आणि ती सभेत उठून बोलणार नाहीत. कोठीतून नेलेल्या परातीचे भाडे त्यांना पडत नाही आणि उपकारही वाटत नाहीत, कारण ती परात त्यांच्याही आजोबांच्या वर्गणीतून आलेली आहे.

म्हणून मी दुरुस्ती सुचविणार आहे ती अशी. चार माणसांनी उचलावयाची सतेली आणि गळकी भांडी विकावीत. दोन माणसांना पेलतील अशी, पन्नास-साठ पानांच्या स्वयंपाकाची भांडी ठेवावीत, कारण आजची घरगुती कार्ये तेवढीच असतात. आलेल्या पैशांतून जाड बुडाची स्टीलची काही पातेली घ्यावीत, म्हणजे आंबट पदार्थांचा प्रश्न सुटेल. आणि उरलेल्यातून साठ फेटे घ्यावेत; सुती, पक्क्या रंगाचे, न शिवलेले, तीस केशरी आणि तीस लाल. ते भांड्यांप्रमाणेच नोंद करून न्यावेत, धुऊन परत करावेत. कुटुंबागुणिक होणारा तो खर्च एकदाच होईल. फेटा बांधणे आपल्या युवक शाखेतील दोघा-तिघांना उत्तम येते, त्यांनी इतरांना शिकवावे. कोल्हापुरी फेटा बांधता येणारा मुलगा लग्नात बापुडवाणा उभा राहत नाही, हा जादा लाभ.

सभेपूर्वीच्या रविवारी सकाळी नऊपासून कोठी उघडी राहील. सर्व भांडी अंगणात मांडून ठेवीन, प्रत्येकावर वजनाची चिठ्ठी असेल, गळक्यांवर खडूची खूण असेल. ज्यांना मत द्यावयाचे आहे त्यांनी ती एकदा हाताळून पाहावीत. कल्हईवाला त्याच दिवशी येण्याचे कबूल करून गेला आहे. घरचे एखादे पितळी पातेले माळ्यावर असेल तर तेही घेऊन या. कथील मी आणून ठेवले आहे.